कॉपीराइटभंगाचा दावा: मुदत आणि उशीर यांबाबतच्या या चुका टाळा

भारतात कॉपीराइटभंगाची भरपाई मागायला मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ८८ प्रमाणे तीन वर्षे मिळतात. ही तीन वर्षे भंग झाला त्या तारखेपासून धावतात. तुम्हाला तो कधी कळला, हे अनुच्छेदात कुठेही नाही. तरीही अनेक जण ‘मला आत्ताच कळलं’ या आधारावर निवांत राहतात, आणि हीच चूक सगळ्यात महागात पडते.

उदाहरण घ्या. तुमचे छायाचित्र परवानगीशिवाय एका अंकात १४ जून २०२३ रोजी एकदाच छापले गेले. याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे तो दिवस मोजणीतून वगळायचा, म्हणजे शेवटचा दिवस १४ जून २०२६. त्या दिवशी रविवार आहे, म्हणून कलम ४ प्रमाणे सोमवारी, १५ जूनला न्यायालय उघडताच दावा दाखल करता येतो. मंगळवारी नाही. तुम्हाला तो अंक एप्रिल २०२६ मध्ये दिसला असला तरी हिशेब हाच.

कलम १७ मध्ये एक सवलत आहे: प्रतिवादीने फसवणुकीने गोष्ट लपवली असेल, तर ती उघड झाल्यापासून, किंवा रास्त प्रयत्न केले असते तर उघड झाली असती तेव्हापासून मुदत मोजतात. पण राजरोस विकले गेलेले पुस्तक तुमच्या नजरेस पडले नाही, याला लपवणे म्हणत नाहीत. शिवाय या सवलतीचा आधार घ्यायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ६ प्रमाणे ते कारण वादपत्रातच (दाव्याच्या मूळ अर्जातच) लिहावे लागते. युक्तिवादाच्या वेळी आठवले तर उपयोग होत नाही.

दुसरा गैरसमज नेमका उलट्या बाजूचा आहे. ‘विक्री अजून चालू आहे, म्हणजे मुदत संपतच नाही.’ हे अर्धेच खरे आहे. भंग चालू राहिला तर कलम २२ प्रमाणे क्षणोक्षणी नवी मुदत सुरू होते, आणि प्रत्येक नवी विक्री हा स्वतंत्र भंगही असतो. त्यामुळे पुढची विक्री थांबवण्याचा मनाई हुकूम मागता येतो. पैसे मात्र साधारणपणे दावा दाखल केल्याच्या मागच्या तीन वर्षांपुरतेच हाती लागतात. २०१९ पासून चाललेल्या विक्रीवर २०२६ मध्ये दावा लावला, तर पहिल्या चार वर्षांची भरपाई बहुधा गेली. म्हणून भरपाईचा तक्ता करताना विक्री वर्षवार नको, तारीखवार मांडा.

वाद मालकीचाच असेल तर जास्त सावध राहा. समोरचा लेखी कळवतो, ‘हे लेखन तुमचे नाहीच, कॉपीराइट माझा आहे.’ मालकी जाहीर करून मागण्याच्या दाव्याला अनुच्छेद ५८ लागतो. त्यात दाव्याचा हक्क पहिल्यांदा निर्माण झाल्यापासून तीन वर्षे मोजतात. त्यानंतर त्याने तोच नकार दहा वेळा कळवला तरी घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. सहलेखक आणि निर्माते यांच्यातले वाद इथेच अडकतात, कारण पहिले नकाराचे पत्र कुणी गांभीर्याने घेतलेले नसते.

नोटिशीबद्दलही असेच. वकिलाची नोटीस, तिचे उत्तर, तडजोडीच्या बैठका, ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे निरोप, यांपैकी कशानेही मुदत थांबत नाही. उशीर माफ करण्याचे कलम ५ मूळ दाव्याला लागूच नाही. प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी कलम ३ प्रमाणे मुदतबाह्य दावा फेटाळणे न्यायालयाला भागच असते.

मुदत खरोखर थांबते ती दावापूर्व मध्यस्थीत. वादमूल्य ३ लाख रुपये किंवा जास्त असेल तर वाणिज्य न्यायालय कायदा, २०१५ लागू होतो. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर कलम १२अ प्रमाणे आधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळली तर वादपत्रच फेटाळले जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. मध्यस्थीला तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन महिने मिळतात आणि हा काळ मुदतीतून वगळला जातो. त्यासाठी अर्ज मुदतीच्या आत केलेला हवा. अर्जाची पोच आणि मध्यस्थी निष्फळ ठरल्याचा अहवाल वादपत्राला जोडा.

आता उशीर. हे दुसरे घड्याळ आहे आणि त्याला ठरावीक आकडा नाही. तीन वर्षांच्या आत असूनही अंतरिम मनाई नाकारली जाऊ शकते, कारण तिथे न भरून येणारे नुकसान दाखवावे लागते. चौदा महिने गप्प बसलेल्या माणसाला ‘उद्याच थांबवा’ म्हणणे जड जाते. चित्रपटांच्या बाबतीत हे फार घडते: ट्रेलर येऊन महिना उलटतो आणि अर्ज प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी होतो. अशा शेवटच्या घडीच्या अर्जांवर मुंबई उच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढले आहेत. उपाय एकच: कधी कळले, नोटीस कधी दिली, उत्तर कधी आले, मधले महिने कशात गेले, हे तारखांसह वादपत्रात स्वतःहून सांगा. समोरच्याने ते शोधून काढले तर लपवल्याचा ठपका वेगळा बसतो. नुसती शांतता आणि मूक संमती यांत फरक आहे, पण तुम्ही हसून ‘छान चाललंय’ असा मेसेज पाठवला असेल तर तो फरक पुसट होतो.

इंटरनेटवरच्या मजकुरासाठी आणखी एक छोटे घड्याळ आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(क) खाली लेखी तक्रार मिळाल्यावर मध्यस्थ संकेतस्थळाने (म्हणजे इतरांनी टाकलेला मजकूर ठेवणाऱ्या संकेतस्थळाने) ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो, पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश पोचला नाही तर ते तो पुन्हा सुरू करू शकते. म्हणून तक्रार पाठवण्याआधी वादपत्राचा मसुदा तयार ठेवा.

फौजदारी तक्रारीने दिवाणी मुदत वाढत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ च्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, त्यामुळे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे त्याची दखल घ्यायलाही तीन वर्षांचीच मर्यादा आहे. दोन्ही मार्ग हवे असतील तर दोन्ही एकाच वेळी चालवा.

स्क्रीनशॉट काढाल तेव्हा संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसू द्या, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र तेव्हाच तयार करून घ्या. दोन वर्षांनी ते पान काढून टाकलेले असते, आणि भंगाची तारीख सिद्ध करायला हाती काहीच उरत नाही.