माजी सैनिक वर्गात येणार आहेत? या चुका टाळा

आमच्या वर्गात आलेल्या एका निवृत्त नौसैनिकांना सातवीतल्या मुलीने विचारलं, "आजोबा, पोर्तुगिजांनी तुम्हाला किती वर्षं तुरुंगात ठेवलं होतं?" ते नौदलात भरती झाले तेव्हा गोवा मुक्त होऊन दहाएक वर्षं उलटली होती. त्यांनी शांतपणे समजावलं. चूक माझी होती.

गोव्यातल्या वर्गात ही गल्लत हमखास होते, कारण 'स्वातंत्र्यसैनिक' या शब्दातच 'सैनिक' दडलेला आहे. १५ ऑगस्ट १९५५ला गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीला पोर्तुगिजांच्या गोळ्या झेलणारे सत्याग्रही निःशस्त्र होते. १८ आणि १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त करणाऱ्या 'ऑपरेशन विजय'मध्ये उतरलं ते भूदल, नौदल आणि वायुदल. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर तेव्हा सात नौसैनिकांना वीरमरण आलं. त्यात भर म्हणजे १९९९च्या कारगिल मोहिमेचं नावही 'ऑपरेशन विजय'च. पाहुणे येण्याआधी एक तास फळ्यावर एवढंच मांडा आणि आपले पाहुणे कोणत्या काळात, कोणत्या दलात होते ते मुलांना सांगून ठेवा.

हुद्दा ऐकीव माहितीवर लिहू नका. सैन्यातला हवालदार म्हणजे चौकीतला पोलीस नव्हे. 'पेटी ऑफिसर' हे नौदलातलं मानाचं पद आहे. आधी सांगितलं नाही तर मुलं 'पेटी' ऐकून फिदीफिदी हसतात आणि पाहुण्यांचा चेहरा उतरतो. फोन करून हुद्दा, दल आणि नाव नेमकं विचारून घ्या.

सगळ्यात जिव्हारी लागणारा प्रश्न म्हणजे "तुम्ही किती शत्रू मारले?" मुलं हे विचारणारच, म्हणून दोन दिवस आधी प्रश्न कागदावर लिहून घ्या आणि पाहुण्यांना दाखवा. नको तो प्रश्न ते स्वतःच बाजूला काढतील. पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा ट्रंकेत काय होतं, घरचं पत्र किती दिवसांनी मिळायचं, तुमचं रोजचं काम काय होतं, असे प्रश्न सुचवा. प्रत्येक जण बंदूक घेऊन सीमेवर उभा नसतो. दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर विमानांची देखभाल करणारे, सिग्नलवाले, स्वयंपाकी, परिचारिका हे सगळे सेवेतच असतात. मुलांना हे कळलं की प्रश्नही बदलतात.

स्वागताला फटाके आणि कर्णे नकोत. आयुष्य तोफांजवळ किंवा इंजिनरूममध्ये गेलेल्या कित्येकांना ऐकू कमी येतं. खुर्ची पुढच्या बाकाजवळ मांडा आणि मुलांना एकेक करून बोलायला लावा. पाहुण्यांआधी तीन भाषणं ठेवली की त्यांच्या वाट्याला दहा मिनिटं उरतात. त्या दिवशी बाकी कोणी बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचे पैसे नुसते गोळा करू नका. त्या छोट्या झेंड्यावरचे लाल, गडद निळा आणि फिका निळा हे रंग तिन्ही दलांचे आहेत, एवढं तरी सांगा.

डिसेंबरातच सगळं उरकायला हवं असंही नाही. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. भूदलाचे पहिले भारतीय सरसेनापती फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच दिवशी निवृत्त झाले. संक्रांतीचा तिळगूळ मुलांच्या हातून पाहुण्यांना मिळाला तर हारतुऱ्याची गरजच नाही.

नंतर आभाराचं पत्र फळ्यावरून उतरवून देऊ नका. पाहुण्यांनी सांगितलेली लक्षात राहिलेली एकच गोष्ट लिहायला सांगा. त्या सातवीतल्या मुलीने लिहिलं होतं, "आजोबा, जहाज डोलत असताना इतक्या जणांचं जेवण कसं शिजतं, ते मी घरी आईला सांगितलं."