रेंज ट्रेकला निघालात? आधी ढोरवाट ओळखायला शिका

राजगड झाला, तोरणा झाला, रायगड तर शाळेच्या सहलीतच उरकला. आता तिन्ही एका दमात करू, असं ज्यांच्या डोक्यात घोळतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. बूट कसले घ्यावेत, सॅक कशी भरावी, हे सांगत बसत नाही. दोन-चार पावसाळे भटकलात म्हणजे तेवढं ठाऊक असणारच.

रेंज ट्रेकमध्ये, म्हणजे डोंगररांगेवरून एका गडावरून दुसऱ्या गडावर चालत जाण्यात, गड चढणं हा सगळ्यात सोपा भाग. गडावर बुरूज दिसतात, पायऱ्या असतात, शनिवार-रविवारी ताकवाले मामाही भेटतात. घाम फुटतो तो दोन गडांच्या मधल्या मुलखात. त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी पोटऱ्या आखडलेल्या असतात आणि त्याच सॅकमध्ये पुन्हा खांदे घालायचे असतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या सकाळी मी पद्मावती माचीवर बसून एसटीचं वेळापत्रक आठवत होतो. तुम्हालाही तसं वाटेल. वाटू द्या. तासाभरात पाय मोकळे होतात.

राजगड ते तोरणा हा टप्पा तसा सरळ आहे. गुंजवण्यातून चढून पद्मावतीच्या देवळात मुक्काम, सकाळी संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून उतरायचं आणि तोरण्याकडे जाणारी डोंगराची सोंड धरायची. मध्ये खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. पुढे शिडी, मग बुधला माची. सोंडेवर पाणी नाही असं धरूनच निघा. माणशी तीन लिटर आणि वर एखादी बाटली. उन्हं चढायच्या आत रस्ता ओलांडलेला बरा. एवढं पाळलंत तर मेंगाईच्या देवळात पोचून खिचडी शिजवाल.

खरी गोम तोरण्यानंतर, रायगडाकडे जाताना मोहरी गावाच्या दिशेने निघाल्यावर. इथे माणसांची ये-जा कमी आणि गुरांची जास्त. ढोरवाटा फसव्या असतात, कारण त्या चांगल्या वाटेपेक्षाही चांगल्या दिसतात. रुंद, मळलेल्या, मऊ मातीच्या. दमलेला माणूस आपसूक त्यांच्यावर पाय टाकतो. आम्हीही टाकला. पाऊण तास मजेत चाललो, मग वाटेला दोन फाटे फुटले, दोनाचे चार झाले आणि सगळे कारवीत विरून गेले. उन्हं कलली होती. ज्याच्या मोबाइलमध्ये जीपीएक्स फाइल (आधी कुणी चाललेल्या वाटेची जीपीएस नोंद) होती तो म्हणत होता, ‘आपण बरोबर लाइनवर आहोत.’ होतोही. फक्त ती लाइन आमच्या पायाखाली बऱ्याच खोलवर होती आणि मध्ये कडा होता.

एका धनगरमामांनी वरून हाक मारली म्हणून वाचलो. ते खाली आले, हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. छातीच्या उंचीवर आडवी आलेली एक फांदी त्यांनी काठीने हलवून दाखवली. म्हणाले, ‘म्हस हिच्याखालनं जाती. माणूस रोज जात आस्ता तर कोयत्यानं कवाच तोडली आस्ती.’

तेव्हापासून मी आधी फांद्या बघतो. पायाखाली वाट कितीही मळलेली असो, तोंडावर काटे येत असतील, सॅक सारखी अडकत असेल, तर ती गुरांची. फांद्या छाटलेल्या असतील, जुने-नवे कोयत्याचे घाव दिसत असतील, तर माणसांची. दुसरी खूण दिशेची. गुरं चारा बघत डोंगराला आडवी फिरतात, एकाच उंचीवर. त्यांना कुठे पोचायची घाई नसते. माणसाची वाट खिंडीकडे, पाण्याकडे नाहीतर वाडीकडे तोंड करून असते. वीस मिनिटं चालूनही समोरची खिंड जवळ येत नसेल तर थांबा. तिसरी खूण खडकावर सापडते. नेहमीच्या वाटेवरचा दगड पावलांनी गुळगुळीत झालेला असतो, फाट्यावर कुणीतरी दगडावर दगड रचून ठेवलेले असतात, क्वचित चुन्याचा बाण असतो. (आणि हो, वेफर्सची पाकिटं. लाज वाटते, पण खूण म्हणून उपयोगी पडतात.)

शंका आली की सगळ्यांनी पुढे जायचं नाही. सॅका खाली ठेवा, दोघांनी शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे जायचं, बाकीच्यांनी जागेवर बसायचं. ‘इथूनच सरळ खाली उतरू, वाट लागेलच’ असं कुणी म्हणालं तर त्याला खजूर द्या आणि गप्प बसवा. सह्याद्रीत सरळ खाली म्हणजे बहुतेक वेळा कडाच असतो.

फॉरवर्ड झालेल्या फाइलींवर माझा राग आहे, तो जाणार नाही. कुणी कुठल्या महिन्यात रेकॉर्ड केली, तो स्वतः किती वेळा चुकला, काही कळत नाही. तसंच गळ्यात शिट्टी अडकवून फिरणाऱ्या ‘लीडर’ मंडळींचं. शिकायचं असेल तर प्रत्येक फाट्यावर थांबून ‘तुला कुठली वाटते?’ असं विचारणारा माणूस शोधा. आणि मोहरीपासून पुढे गावातला वाटाड्या घ्याच. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. तुमच्या बुटांच्या किमतीपुढे ती काहीच नसते.

कारण त्यापुढे उतार आहे. रायलिंगच्या पठारावरून समोर लिंगाण्याचा सुळका आणि त्यामागे रायगड दिसला की सगळे फोटो काढतात. गुडघ्यांचा विचार कुणी करत नाही. बोराट्याची नाळ, म्हणजे कड्यातून खाली उतरणारी घळ, नुसता धोंड्यांचा ढीग. वरच्याचा पाय हलला की खालच्याच्या डोक्याला धोका, म्हणून अंतर ठेवून, एकेकाने. नाळेतून लिंगाण्याच्या खिंडीकडे आडवं जावं लागतं ती जागा अरुंद आहे, नवख्याने वाटाड्याशिवाय जाऊच नये. पावसाळ्यात तर नाळेचं नावही काढू नका. त्यापेक्षा सिंगापूरची नाळ सोपी. ती दापोली नावाच्या वाडीत उतरते (रत्नागिरीतलं दापोली नव्हे, हे महाडकडचं).

सराव मात्र सगळे चढायचाच करतात. आतकरवाडीतून सिंहगड किती मिनिटांत चढलो ते सांगतात, आणि पिठलं-भाकरी खाऊन जीपने खाली येतात! उलटं करा. जीपने वर जा, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा आणि उतरा. दर आठवड्याला. मांड्या कुरकुरतील, पण नाळेत गुडघे शाबूत राहतील. वेगाची चिंता सोडा. आमच्यातला सगळ्यात सावकाश चालणारा मुलगा रायगडवाडीत सगळ्यात ताजातवाना पोचला होता. तिथून वर जगदीश्वरापर्यंत चित् दरवाज्याने पायऱ्या चढल्यात तर उत्तम. रोपवेने गेलात तरी मी नावं ठेवणार नाही.

यंदा दिवाळीनंतर आमचा बेत रतनगड ते हरिश्चंद्रगडाचा आहे. रतनवाडीतून वर, कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, मग पाचनई. नोव्हेंबरमध्ये गवत अजून कमरेएवढं असतं, त्यात वाटा लपतात, म्हणून डिसेंबर धरलाय. फेब्रुवारीनंतर पाण्याची बोंब आणि मुरमावर घसारा. रतनवाडीतले एक दादा खिंडीपर्यंत सोबत यायला तयार आहेत. गटात दोन नवी मुलं आहेत. पुढे तीच चालणार, आम्ही मागे. सध्या त्यांना सिंहगडावरून उतरवतोय. एकाने परवा विचारलं, ‘दादा, चढायचं कधी?’