बाळाला पहिल्यांदा स्विमिंग पूलमध्ये नेताना

माझी लेक आठ महिन्यांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा पूलमध्ये नेलं, आता ती साडेतीन वर्षांची आहे, आणि मधल्या काळात ओळखीतल्या इतक्या आईबाबांनी तेच तेच प्रश्न विचारले की म्हटलं सगळं एकदाच नीट लिहून काढू. आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते. एवढ्याशा मुलांना क्लासमध्ये पोहायला येत नाही. बाळ क्लासला जातंय म्हणून ते पाण्यात सेफ झालं असं अजिबात समजू नका. तुम्ही हात लांब केला की बाळाला शिवता आलं पाहिजे, एवढंच अंतर ठेवायचं, मग समोर शिकवणाऱ्या मॅडम असोत नाहीतर लाइफगार्ड असो.

आता कधी सुरू करायचं ते. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, आधी ४ वर्षांच्या आत क्लास नकोच म्हणायची, पण २००९ मध्ये एक अभ्यास आला ज्यात १ ते ४ वयाच्या, शिकवणी घेतलेल्या मुलांमध्ये बुडण्याचा धोका कमी दिसला, आणि २०१० मध्ये त्यांनी आपलं म्हणणं बदललं. आता साधारण एक वर्ष पूर्ण झालं की बऱ्याच मुलांना क्लासचा उपयोग होऊ शकतो असं ते सांगतात. एक वर्षाच्या आतल्या बाळांना क्लासमुळे बुडण्यापासून संरक्षण मिळतं याला मात्र पुरावा नाही. म्हणून आठ महिन्यांच्या बाळाला न्यायचं तर मजेसाठी, पाण्याची ओळख व्हावी म्हणून, आणि डॉक्टरांना एकदा विचारून न्या, विशेषतः बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा हृदयाचा, फिट्सचा, कानाचा काही त्रास असेल तर.

ते व्हिडिओ असतात ना, तान्हं बाळ पाण्याखाली डोळे उघडे ठेवून तरंगतंय, ते बघून कृपा करून कुणी प्रयोग करू नका. अगदी लहान बाळांमध्ये तोंडावर पाणी आलं की श्वास रोखला जाण्याची एक रिफ्लेक्स असते, ती पहिल्या काही महिन्यांत हळूहळू कमी होत जाते. ते पोहणं नाही. आणि तेव्हासुद्धा बाळ पाणी गिळतंच. पोटात फार पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मग उलट्या, मरगळ, फिटसुद्धा येऊ शकते. त्यामुळे जिथे रडणाऱ्या बाळाला परत परत पाण्याखाली बुडवतात तिथून सरळ बाहेर पडा, पैसे गेले तर जाऊ देत.

सुरुवात घरच्या आंघोळीपासून करा. आम्ही "एक, दोन, तीन" म्हणून खांद्यावर मगभर पाणी ओतायचो, मग मानेवर, मग काही दिवसांनी डोक्यावरून. दोन आठवड्यांत ती "तीन" ऐकलं की आपणहून डोळे मिटून तोंड बंद करायला लागली. ही खूण पूलमध्ये फार कामाला येते, फक्त न सांगता कधीच ओतायचं नाही, एकदा जरी फसवलं तरी मूल पुढच्या वेळी आक्रसतं.

पूलचं पाणी कोमट हवं. लहान बाळांसाठी साधारण ३२ अंश सेल्सियस धरा, मोठ्यांच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी त्यापेक्षा बरंच गार असतं. बाळाच्या वजनाच्या मानाने त्वचा जास्त असते म्हणून ते पटकन गार पडतं. पहिल्या दिवशी १० मिनिटं पुरे, नंतर हळूहळू २०, आणि ३० च्या वर नकोच. माझ्या लेकीची हनुवटी थरथरायला लागायची ती पहिली खूण असायची, ओठ निळसर व्हायची वाट बघायची नाही, हनुवटी थरथरली की बाहेर, टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी. ती हसत असली तरी.

पाण्यात शिरल्यावर तुम्ही स्वतः खांद्यापर्यंत खाली बसा, म्हणजे तुमचा चेहरा बाळाच्या चेहऱ्यासमोर येतो. काखेत दोन्ही हात धरून समोरासमोर ठेवा आणि बोलत राहा, गाणं म्हणा, नुसतं इकडून तिकडे फिरा. पहिले दोन-तीन सेशन एवढंच झालं तरी छान झालं. मग पाण्यावर फुंकर मारून बुडबुडे काढायचे, कारण पाण्यात श्वास बाहेर सोडायचा असतो हे मुलाला खेळातूनच कळतं.

पाठीवर तरंगणं बहुतेक मुलांना आवडत नाही. माझ्या लेकीच्या कानात पाणी शिरलं की ती दचकून एकदम बसायला बघायची आणि मग सगळंच बिघडायचं. शेवटी मी तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं, गालाला गाल, आणि हळू आवाजात गुणगुणत राहिले. कान पाण्यात असताना तिला बाहेरचा गोंगाट कमी आणि माझं गुणगुणणंच ऐकू येत असावं, कारण तिचे पाय आपोआप सैल सुटले. चार आठवडे आम्ही तेवढंच केलं, घाई केली नाही.

एक-दीड वर्षानंतर मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते म्हणजे कडेला परत येणं. मूल पाण्यात पडलं तर त्याने वळून भिंत पकडायची, हे हजारदा खेळून घ्या. काठावर बसवायचं, "एक दोन तीन" म्हणून तुमच्या हातात येऊ द्यायचं, लगेच त्याला वळवून हात काठावर ठेवायचे. मग काठ धरून खेकड्यासारखं आडवं आडवं चालायचं, आणि बाहेर यायला "कोपर, कोपर, पोट, गुडघा" असं म्हणत चढायचं. आमच्याकडे हे घरी सोफ्यावरही चालायचं. बरोबरीने एक नियम, कुणा मोठ्या माणसाने "ये" म्हटल्याशिवाय पाण्यात जायचं नाही. हा नियम तुम्ही एकदाही मोडू देऊ नका.

क्लास बघायला जाल तेव्हा आधी एक सेशन नुसतं काठावर बसून बघा. तीन वर्षांच्या आत पालक पाण्यात बरोबर असायलाच हवेत. शिकवणाऱ्यांना सीपीआर, म्हणजे श्वास बंद पडला तर तोंडाने श्वास देणं आणि छातीवर दाब देणं, येतो का विचारा, आणि रडणाऱ्या मुलाचं ते काय करतात ते डोळ्यांनी बघा. चार वर्षांच्या आसपास बरीच मुलं खरी शिकवणी घ्यायला तयार होतात, त्याआधी तुमचं मूल मागे पडलं असं काही नसतं.

हातात घालायच्या फुगवायच्या पट्ट्या आणि कमरेची ट्यूब ही खेळणी आहेत, त्यांची हवा जाते, त्या निसटतात, शिवाय मुलाला वाटतं आपण असेच तरंगतो. गळ्यात घालायच्या रिंग तर नकोच, अमेरिकेतल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२२ मध्ये त्यांच्याविरुद्ध इशारा दिला आहे. बोटीत किंवा उघड्या पाण्यापाशी असाल तर वजनाप्रमाणे मापाचं, नीट बसणारं लाइफ जॅकेट घाला. स्विमसूटचा रंगही बघून घ्या, निळा आणि पांढरा पाण्यात दिसेनासा होतो, भडक केशरी किंवा गुलाबी लांबूनही दिसतो.

स्विम डायपर घट्ट पायाचा घ्या, पण तो शी थोडा वेळ अडवतो, जंतू अडवत नाही. जुलाब होत असतील तर पूलला जायचं नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी नीट क्लोरिन घातलेल्या पाण्यातसुद्धा आठवडाभराहून जास्त टिकतो, तपासणीत तो सापडला असेल तर जुलाब थांबल्यावरही २ आठवडे थांबायचं.

आता पूलच्या बाहेरचं पाणी. लेक तेरा महिन्यांची होती, मी बाथरूममधून टॉवेल आणायला वळले, वळून बघते तर ती बादलीच्या काठावर दोन्ही हात टेकवून आत वाकलेली, टाचा जमिनीवरून उचललेल्या. पाणी तळाला वीतभरच होतं. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं, तोल गेला की मूल उलटं होतं आणि स्वतःला बाहेर काढू शकत नाही, त्याला दोन-तीन बोटं खोल पाणीसुद्धा पुरतं. मी तिला उचललं तेव्हा माझे हात कापत होते. त्या दिवसापासून घरात बादली वापरून झाली की रिकामी करून उलटी, बाथरूमच्या दाराला वरून कडी, आणि आंघोळीच्या वेळी फोन बाहेर. टबमध्ये बसवायची सीट घेतली असेल तरी बाळाला क्षणभरही एकटं सोडू नका.

घराला पूल असेल तर चारही बाजूंनी कुंपण, किमान १.२ मीटर उंच, आपोआप बंद होणारं गेट. खेळणी पाण्यात तरंगत ठेवू नका, मूल त्यांच्यासाठीच जातं. कितीतरी लहान मुलं पोहायची वेळ नसतानाच बुडतात, ती पाण्यापाशी असतील असं कुणाच्या मनातही नसतं. आणि चारचौघं जमलेले असताना धोका वाढतो, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आम्ही पंधरा-पंधरा मिनिटं वाटून घेतो, ज्याची पाळी तो फक्त मुलांकडे बघणार, गप्पा नाही, मोबाईल नाही, आणि पाळी संपली की पुढच्याचं नाव घेऊन "आता तू" असं तोंडाने सांगायचं.

बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे, आणि शांत. म्हणून मूल दिसेना झालं तर आधी पाण्याकडे धावा, बाकीच्या जागा नंतर शोधा.

पाण्यातून काढल्यावर श्वास नसेल तर उलटं टांगणं, पोट दाबणं यात वेळ घालवू नका. कुणाला तरी इमर्जन्सी नंबर लावायला सांगून तुम्ही सीपीआर सुरू करा. बुडालेल्या मुलाला आधी तोंडाने श्वास द्यायचे असतात, मग छातीवर दाब. एकटी व्यक्ती असेल तर साधारण ३० दाब आणि २ श्वास, वेग मिनिटाला १०० ते १२०. मूल शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच. आणि पाणी गिळून नुसता ठसका लागला असेल तरी नंतर खोकला थांबेना, श्वास भराभर चालला किंवा मूल नेहमीपेक्षा पेंगायला लागलं तर लगेच डॉक्टरांकडे. हे वाचून जमत नाही, बाहुलीवर हाताने करून बघावं लागतं. आमच्याकडे मी, नवरा आणि लेकीची आजी तिघांनी एकत्र ट्रेनिंग घेतलं, कारण दुपारभर लेक आजीपाशी असते.