कापसाचा चुकारा क्रिप्टोत टाकायच्या आधी एवढं करून पाहा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा चुकारा खात्यात आला की पोट्ट्यांच्या मोबाईलवर क्रिप्टोचे, म्हणजे नुसत्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या खाजगी नाण्यांचे, टेलिग्राम ग्रुप सुरू होतात, अन् मग पारावर एकच विषय, त्यातलं बिटकॉइन खरा पैसा आहे का नुसती हवा. भांडत बसू नका. सरळ कृषी केंद्रात जाऊन विचारा, भाऊ युरियाची बॅग द्या, बिटकॉइन देतो. नाई घेणार तो, अन् कायद्यानं बांधीलही नाई, कारण आपल्या देशाचं चलन रुपया आहे. रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२२ मध्ये लोकांसाठी सुरू केलेला ई-रुपया मोबाईलातच दिसते, पण तो रुपयाच आहे, त्याले क्रिप्टोत मोजू नका.

मंग सगळी हवाच का? तसंही नाई. बिटकॉइन २००९ पासून चालू आहे, २ कोटी १० लाखाच्या वर नाणी निघणार नाईत असं त्याच्या प्रोग्राममध्येच लिहून आहे, हिशोबाची वही जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर असते म्हणून एकट्याले त्यात खाडाखोड जमत नाई. पण कापूस जिनिंगमध्ये गेला तर रुई निघते, सरकी निघते, ढेप ढोरं खातात. बिटकॉइनले फक्त पुढचा घेणारा लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचा भाव ६९ हजार डॉलरच्या आसपास होता, वर्षभरात १६ हजाराच्या खाली गेला, म्हणजे वरच्या भावात लाख टाकले त्याच्या हाती २५ हजाराच्या आसपासच. म्हणून मी याले सट्टा म्हणतो.

तरी करायचंच असेल तर पीककर्ज अन् बियाण्याच्या पैशाले हात लावू नका. ॲपची नोंदणी एफआयूकडे, म्हणजे संशयास्पद पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाकडे, आहे का ते पहिले पाहा. मंग सगळ्यात महत्त्वाचं, पैसे कोणाच्या खात्यात जाऊन रायले ते वाचा, एखाद्या माणसाच्या नावाचं खातं किंवा यूपीआय दिसलं की तिथंच थांबा. थोडे टाकून परत येतात का हे पाहणं पुरत नाई. माझ्या भाच्याले पहिले हजार रुपये बरोबर परत आले, म्हणून त्यानं सोयाबीनचे ४० हजार टाकले, स्क्रीनवर सव्वा लाख दिसाले लागले, अन् काढायले गेला तर म्हणे आधी १५ हजार टॅक्स भरा.

टॅक्स असा नसते. विकताना १ टक्का टीडीएस, म्हणजे जागेवरच कापला जाणारा टॅक्स, विक्रीच्या रकमेतूनच कापते, अन् नफ्यावर ३० टक्के टॅक्स अन् त्या टॅक्सवर सेस आपण रिटर्न भरताना सरकारले देतो. ५० हजाराचे ८० हजार झाले तर ३० हजारावर ९,००० टॅक्स अन् ३६० सेस, मिळून ९,३६० रुपये. शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाई म्हणून आपल्याले रिटर्नची सवय नाई, पण इथं बाकी उत्पन्न कितीही कमी असलं तरी हा टॅक्स लागतेच, अन् एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाई. टॅक्स आधी पाठवा म्हणणाऱ्याले एक रुपया देऊ नका.

गेलेच पैसे तर त्याच घडीले सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी नंबरावर, १९३० वर फोन लावा, यूटीआर म्हणजे बँक व्यवहाराचा ओळख नंबर अन् चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, ग्रुप डिलीट करू नका. रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत तक्रार गेली तरच ती अडवता येते. भाच्यानं घरी सांगितलं बारा दिवसांनी, माय रडेल म्हणून.