जुन्या कॉम्प्युटरवर कोणतं सॉफ्टवेअर ठेवायचं, कोणतं काढायचं

आमच्या घरचा कॉम्प्युटर २०१२ साली नागपूरच्या सीताबर्डीतून जुळवून आणलेला आहे. दुसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बचत गटाचा हिशेब, मुलीचे स्पर्धा परीक्षेचे फॉर्म, सातबारा, पीक विम्याच्या पावत्या, एवढंच काम त्यावर चालतं. दोन वर्षांमागे तो इतका मंद झाला की बटण दाबून चहा मांडला, तर चहा पिऊन व्हायचा तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. मुलगी विचारायची, "आई, काहून एवढा वेळ लावते हा?" तालुक्याला एका दुकानात नेला. तीन दिवसांनी परत आला तेव्हा त्यात दोन अँटिव्हायरस, एक ड्रायव्हर (प्रिंटर, आवाज असे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) अपडेट करणारं आणि एक 'स्पीड वाढवणारं' सॉफ्टवेअर टाकलेलं होतं. पैसे गेले आणि मशीन आधीपेक्षा मंद झालं. शेजारचे काका म्हणाले, "ताई, डबा जुना झाला जी. भंगारात द्या अन् नवीन घ्या."

तो डबा आजही चालतो, आणि चांगला चालतो. तेव्हापासून मी एक गोष्ट धरून बसले आहे. जुन्या मशीनवर एखादं सॉफ्टवेअर किती कामं करतं, हे मी शेवटी पाहते. आपण त्याला हातही लावत नसतो तेव्हा ते आत काय करत बसतं, हे आधी पाहते. खाली सांगितलेलं सगळं त्यातूनच आलं आहे.

सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी

आपल्याकडे कॉम्प्युटर मंद होण्याची अर्धी कारणं घरातच असतात. सोयाबीन-तुरीची मळणी सुरू झाली की भुसा घरात येतो, जिनिंगच्या आसपासच्या गावांत तर कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात. हे सगळं कॅबिनेटच्या पंख्यात जाऊन बसतं. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून तो आपला वेग आपणच कमी करतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना, दुपारी मंद आणि सकाळी बरा चालणारा कॉम्प्युटर बहुतेक वेळा तापलेला असतो. त्याला कोणतंही सॉफ्टवेअर बरं करू शकत नाही.

वायर काढा, कॅबिनेटचं झाकण उघडा आणि रंगकामाच्या कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झाडा. पंख्याचं पातं एका बोटाने धरून ठेवा, म्हणजे ते गरगर फिरणार नाही. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धातूच्या पट्ट्या असतात, त्यांच्या फटींत कापसासारखा थर जमलेला दिसेल. आमच्याकडे तो अक्षरशः गादीसारखा अख्खा निघाला होता.

दुसरं, घड्याळ पाहा. प्रत्येक वेळी लाइट गेल्यावर तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी संपली आहे. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक सुरक्षित वेबसाइटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं सांगतो, कारण वेबसाइटच्या प्रमाणपत्राची मुदत तो याच घड्याळावरून तपासतो. लोक त्यापायी ब्राउझर काढून पुन्हा टाकतात, विंडोजसुद्धा नव्याने टाकून घेतात. आधी बॅटरी बदला.

मग वही घ्या

'धिस पीसी'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. प्रोसेसरचं नाव, रॅम किती, विंडोज कोणतं, ३२ बिट की ६४ बिट, हे उतरवून घ्या. ३२ बिट विंडोज असेल, तर ४ जीबीच्या वर रॅम टाकून फायदा नाही. ती वापरताच येत नाही.

मोबाइलचं स्टॉपवॉच लावून कॉम्प्युटर सुरू करा. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडून त्यात टाइप करता येईपर्यंत किती वेळ लागला, तो लिहा. नंतर काहीही न उघडता पाच मिनिटं थांबा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात मेमरी आणि डिस्क हे दोन आकडे पाहा. काही चालू नसताना ४ जीबीपैकी सव्वादोनपेक्षा जास्त रॅम भरलेली असेल, तर कोणीतरी आत बसून खातं आहे, असं मी समजते. डिस्क सारखी १०० टक्क्यांवर असेल, तर जुन्या हार्ड डिस्कला तेवढं काम झेपत नाही.

क्रिस्टल-डिस्क-इन्फो नावाचं छोटं, फुकट सॉफ्टवेअर हार्ड डिस्कची तब्येत सांगतं. तिथे पिवळा रंग आणि 'कॉशन' दिसलं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी सगळ्या फाइल पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. निळा रंग असला तरी उतरवून घ्याच, फक्त घाई नाही.

काढायचं काय

टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' नावाचा टॅब आहे. विंडोज ७ असेल, तर 'रन'मध्ये एमएस-कॉन्फिग लिहून तो मिळतो. कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप उठणाऱ्यांची ती यादी असते. आमच्या यादीत चौदा नावं होती. प्रिंटरचा मदतनीस, गाण्यांचं ॲप, चॅटिंगचं ॲप, तीन वेगवेगळे अपडेटर. यातलं एकही सकाळी उठताच लागत नाही. राइट क्लिक करून 'डिसेबल' करा, विंडोज ७ मध्ये नावापुढची खूण काढा. सॉफ्टवेअर जात नाही, हवं तेव्हा उघडतं, फक्त न बोलावता येत नाही. आवाज, टचपॅड आणि अँटिव्हायरस तेवढे राहू द्या. एखादं नाव ओळखीचं नसेल, तर त्याला हात लावण्याआधी ते शोधून वाचा.

अँटिव्हायरस एकच ठेवा. दोन असले की प्रत्येक फाइल दोघंही तपासतात आणि एकमेकांवर संशय घेतात. विंडोज १० मध्ये डिफेंडर आधीच असतो, घरच्या कामाला तो पुरतो. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणारी, रॅम वाढवून देणारी, ड्रायव्हर शोधून देणारी सॉफ्टवेअर सरळ काढून टाका. सॉफ्टवेअर टाकून रॅम वाढत नसते. हे मी ठासून सांगते, कारण आपल्या खेड्यांतल्या कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त हेच टाकून दिलेलं असतं. ज्याला मशीनमधलं कळत नाही, त्याच्याकडून त्याचेच पैसे घेतले जातात.

नवीन टाकायचं असेल तर

आधी 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधून सिस्टीम प्रोटेक्शन चालू करा आणि एक रिस्टोअर पॉइंट बनवा. काही बिघडलं तर कॉम्प्युटर त्या दिवसाच्या स्थितीवर परत नेता येतो. विंडोज १० मध्ये बरेचदा हे बंदच असतं.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. शोधल्यावर सगळ्यात वर येतं ती पुष्कळदा जाहिरात असते, आणि पानावरचं सगळ्यात मोठं हिरवं 'डाउनलोड' बटणही पुष्कळदा जाहिरातीचंच असतं. टाकताना भराभर 'नेक्स्ट' दाबू नका. 'कस्टम' निवडा, सोबत येणाऱ्या बाकीच्या चौकटींतल्या खुणा काढा. 'पोर्टेबल' आवृत्ती मिळत असेल तर ती घ्या. ती एका फोल्डरमध्ये राहते, फोल्डर पुसला की गेली. क्रॅक केलेलं, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर कुलूप तोडून फुकट दिलेलं, काही घेऊ नका. ज्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाइप होतो, त्यावर तर नाहीच.

एका वेळी एकच टाका आणि चार-पाच दिवस वापरा. मग पुन्हा स्टॉपवॉच लावा, पुन्हा तेच दोन आकडे लिहा, आणि आपोआप उठणाऱ्यांच्या यादीत नवं नाव घुसलं का ते पाहा. एकाच दिवशी पाच टाकली, तर मंदपणा कोणामुळे आला ते कधीच कळत नाही.

पारखायचं ते आपल्याच कामावर. मी नवीन ऑफिस सॉफ्टवेअर आलं की बचत गटाची खरी फाइल त्यात उघडते. त्यात एक ओळ मुद्दाम लिहून ठेवली आहे: 'दुसऱ्या हप्त्याचं व्याज, ज्ञानेश्वरी गट, क्षेत्र, शृंखला.' 'दुसऱ्या'मधला र नीट जुळला, क्ष-ज्ञ तुटले नाहीत, शृ बरोबर आला आणि पीडीएफ करून मोबाइलवर उघडल्यावरही तसंच दिसलं, तर ते सॉफ्टवेअर मराठीसाठी चालेल. लिब्रे ऑफिस फुकट आहे आणि या परीक्षेत उतरतं, पण त्यात एक गोष्ट करावी लागते. टूल्स, ऑप्शन्स, मग भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून मराठी निवडा. नाहीतर फॉन्ट बदलला तरी देवनागरी अक्षरं हलत नाहीत, कारण देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथे वेगळा ठरवलेला असतो.

जुन्या फाइलींत 'कृतिदेव' किंवा 'श्रीलिपी'चा मजकूर असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो. फाइल खराब झालेली नसते. त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवलेले होते. फॉन्ट टाका, फाइल उघडा, आणि महत्त्वाचा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, करून ठेवा. कन्व्हर्टर जोडाक्षरांत चुकतो, म्हणून नावं आणि रकमा डोळ्यांनी तपासा.

पीडीएफसाठी सुमात्रा फार हलकं आहे, जुन्या मशीनवर चटकन उघडतं. मात्र डिजिटल सहीचा सातबारा तपासायचा असेल तर ते कामाचं नाही. सही खरी आहे की नाही हे ॲक्रोबॅट रीडर दाखवतो. तिथे प्रश्नचिन्ह दिसलं म्हणून उतारा खोटा ठरत नाही, सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र तुमच्या कॉम्प्युटरच्या ओळखीचं नाही एवढाच त्याचा अर्थ. व्हिडिओला व्हीएलसी आणि झिप फाइलींना सेव्हन-झिप, यांच्याबद्दल मला वेगळं सांगण्यासारखं काही नाही. टाका आणि वापरा.

विंडोजचं काय करायचं

विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबली, ८.१ ची १० जानेवारी २०२३ ला आणि १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० साठी नोंदणी केली, तर घरगुती कॉम्प्युटरला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे आमच्यासारख्या मशीनला ते नाहीच. अट चुकवून टाकून देणारे भेटतात, पण ४ जीबी रॅमवर त्याची काय दशा होते ते मी एका नातेवाइकांकडे पाहिलं आहे.

विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. त्यावर वेबसाइट उघडतात म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. बँक, आधार, महाडीबीटी यांची कामं त्यावर करू नका. टायपिंग, हिशेब, जुने फोटो यांसाठी इंटरनेटची वायर काढून ते मशीन खुशाल वापरा.

दुसरा रस्ता लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टीमचा, त्यातही तिच्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीचा. किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर बरं. हे न टाकता पाहता येतं, म्हणून मला ते आवडतं. रूफस हे फुकट सॉफ्टवेअर वापरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ते चढवा. पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, म्हणून रिकामा घ्या. कॉम्प्युटर सुरू होताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप दाबून पेन ड्राइव्ह निवडा. डेस्कटॉप येईल, हार्ड डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं राहील. डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल'ला मात्र हात लावू नका. पेन ड्राइव्हवरून ते थोडं मंद चालतं, वेगाचा निकाल तिथे लावू नका.

तिथे बसून काय तपासायचं? वायफाय किंवा मोबाइलचं हॉटस्पॉट जोडतो का. आवाज येतो का. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीने मराठी टाइप होतं का. आणि प्रिंटर. प्रिंटरवर लोक अडकतात. स्वस्तातले काही लेझर प्रिंटर फक्त विंडोजच्या ड्रायव्हरवरच नीट चालतात. एक पान छापून पाहिल्याशिवाय ठरवू नका. घरात अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन किंवा टॅली चालत असेल, तर विंडोज सोडू नका.

पैसे घालायचे तर कशात

एसएसडीत, म्हणजे फिरणारे भाग नसलेल्या वेगवान डिस्कमध्ये. विंडोजसाठी हार्ड डिस्कऐवजी साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी लावली की जुन्या मशीनचा जीव परत येतो. आमचा कॉम्प्युटर सव्वासहा मिनिटांत सुरू व्हायचा. स्टार्टअपची यादी कापल्यावर साडेतीन मिनिटांवर आला आणि एसएसडी लावल्यावर मिनिटाच्या आत. २४० जीबीची पुरते, जुनी डिस्क फाइलींसाठी आत राहू द्या. त्यानंतर रॅम. ती घ्यायला जाताना जुनी पट्टी काढून, कागदात गुंडाळून सोबत न्या. डीडीआर-२, डीडीआर-३ यांच्या खाचा वेगळ्या असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. दुकानात एसएसडी बसवून घेतली, तर 'विंडोज आणि माझ्या फाइलींशिवाय दुसरं काही टाकू नका' असं कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवून द्या. मी दुसऱ्या खेपेला तसंच दिलं. घरी आणल्यावर सगळ्यात आधी स्टार्टअपची यादी उघडली, वहीतल्या यादीशी ताडून पाहिली आणि मगच बचत गटाची फाइल उघडली.