जुलाबात जलसंजीवनी: कशी करावी, किती द्यावी आणि ती पोटात काय करते

जुलाबात जीव धोक्यात येतो तो बहुतेक वेळा शरीरातले पाणी आणि मीठ वाहून गेल्यामुळे. म्हणून औषधाच्या शोधात वेळ घालवण्याआधी जलसंजीवनी (ओआरएस), म्हणजे मापात मीठ आणि साखर घातलेले पाणी, पाजून ते भरून काढायला सुरुवात करावी, तीही पहिल्या पातळ शौचापासूनच.

मोठ्या माणसाच्या वजनात साधारण 60 टक्के पाणी असते. रक्तातले सोडियम लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल एवढ्याच पट्ट्यात राहावे लागते. रक्त जरा दाट झाले की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला ते कळते. मग तहान लागते आणि पीयूष ग्रंथीतून सुटणारे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखायला लावते. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, पण लघवी होते लिटर-दोन लिटर. मात्र मूत्रपिंडे असलेले पाणी वाचवू शकतात, नवे आणू शकत नाहीत. ते काम लहान आतड्याचे. लाळ, जठररस, पित्त आणि प्यायलेले पाणी मिळून रोज 8 ते 9 लिटर द्रव आतड्यात उतरतो. निरोगी माणसाच्या शौचावाटे त्यातला 100 ते 200 मिलिलिटरच बाहेर जातो. जुलाबात हे परत शोषून घेणे कोलमडते.

तरीही आतड्याच्या पेशींतला एक मार्ग बहुधा चालू राहतो, अगदी कॉलऱ्यातसुद्धा. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. म्हणूनच मीठ आणि साखर दोन्ही लागतात, आणि तीही मापात. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच द्रावण पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आणले.

तयार पुडी असेल तर

आधी हात साबणाने धुवावेत. पुडीवर किती पाण्याची आहे ते वाचावे: मोठी पुडी 1 लिटरची, छोटी 200 मिलिलिटरची असते. उकळून गार केलेले पाणी मोजून घ्यावे आणि पूर्ण पुडी एकदम टाकून ढवळावी. वरून साखर, मीठ किंवा सरबत काहीही घालू नये. झाकून ठेवावे आणि 24 तासांनी उरलेले ओतून द्यावे.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मोठी पुडी एका पेल्यात कालवली तर द्रावण पाचपट तीव्र होते, रक्तातले सोडियम वाढते आणि लहान मुलाला झटके येऊ शकतात. थोडी थोडी पूड काढून वापरणेही चूकच, कारण क्षार प्रत्येक वेळी सारख्या प्रमाणात येत नाहीत.

पुडी नसेल तर

1 लिटर पाण्यात साखरेचे 6 सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. चमचा 5 मिलिलिटरचा हवा आणि शीग बोटाने सारून टाकावी. चव डोळ्यांतल्या पाण्याइतकीच खारट लागावी. जास्त खारट लागले तर ओतून देऊन पुन्हा करावे. साखर वाढवल्याने ताकद येत नाही, उलट ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. बाटलीबंद शीतपेये आणि गोड रस याच कारणासाठी टाळावेत. घरच्या द्रावणात पोटॅशियम नसते, त्यामुळे पुडी मिळताच तीच सुरू करावी.

किती आणि कसे

दर पातळ शौचानंतर 2 वर्षांखालच्या बाळाला 50 ते 100 मिलिलिटर, 2 ते 10 वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिलिलिटर, त्यापुढे हवे तेवढे. बाळाला बाटलीने न देता वाटी-चमच्याने द्यावे. उलटी झाली तर 10 मिनिटे थांबून दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा, असे पुन्हा सुरू करावे. घटाघटा प्यायलेले उलटून पडते. अंगावरचे दूध थांबवू नये. मोठ्यांना मऊ भात, पेज, वरण, ताक, केळे चालते. पोट रिकामे ठेवायची गरज नाही. मुलांना झिंकची गोळी डॉक्टर 10 ते 14 दिवस देतात. जुलाब थांबले तरी ती पुरी करावी.

घरी थांबू नये तेव्हा

पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडावी. ती लगेच पूर्ववत न होता सावकाश बसत असेल, डोळे किंवा बाळाची टाळू खोल गेली असेल, मूल सुस्त पडले असेल, पिता येत नसेल, शौचात रक्त असेल तर सरळ दवाखाना गाठावा. वाटेतही शुद्धीत असलेल्या रुग्णाला चमच्याने पाजत राहावे. मूत्रपिंड वा हृदयविकाराच्या रुग्णांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

पाणी पुरेसे पोचते आहे का, हे लघवीवरून कळते. सहा तासांहून अधिक वेळ लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी असली, तर मूत्रपिंडे अजून पाणी राखत आहेत. पाजणे वाढवावे, आणि तरीही लघवी सुटली नाही तर दवाखान्यात न्यावे.