कोटेशनमुळे अडकलेली फाईल

लातूर एमआयडीसीत माझी डाळमिल आहे. पुन्हा पुन्हा रिवाइंड केलेल्या मोटारी वीज खात होत्या. ऊर्जा दक्षता ब्युरोची जुलै २०२५ पासूनची योजना हाती रोख देत नाही, कर्जाच्या व्याजात सवलत देते: सूक्ष्म-लघु उद्योगांना ५ टक्के, मध्यमांना ३. त्यासाठी किमान १० टक्के ऊर्जाबचत दाखवावी लागते.

नव्या मोटारींसाठीच्या कर्जाची माझी फाईल बँकेत अडकली. ऊर्जा ऑडिटच्या (वीजवापराच्या तपासणीच्या) अहवालात ‘२० एचपी, आयई३’ (आयई३ म्हणजे मोटारीच्या कार्यक्षमतेचा दर्जा), आणि कोटेशनवर नुसतंच ‘मोटार २० एचपी’! पुरवठादाराकडून अहवालाशी शब्दशः जुळणारं कोटेशन घेतलं, तेव्हा कुठे फाईल हलली. जुन्या मोटारी काढण्याआधी मीटरचं रीडिंग नोंदवून ठेवा, बचत त्यावरूनच सिद्ध होते. आणि ऑडिटवर पैसे घालण्याआधी आपला क्लस्टर (एकाच प्रकारच्या उद्योगांचा परिसर) योजनेच्या यादीत आहे का, ते बघाच.